वाचक विचारतात : दोस्त देशांना शस्त्रं देताना सरकार आपल्या लोकांना काय सांगतं?

परदेशांना दिल्या जाणाऱ्या लष्करी मदतीबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी जनसंज्ञापनाची विद्यार्थिनी आहे. दुसऱ्या महायुद्धात मित्रदेशांना शस्त्रं आणि माल उसना देण्याच्या अमेरिकेच्या ‘लेंड-लीज’ योजनेच्या प्रचारावर प्रकल्प करते आहे. जिथे पाहावं तिथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा बागेतल्या नळीचा दाखला सापडतो. एवढ्या एका दाखल्यावर अख्खा देश तयार झाला का? प्रकल्पात आणखी काय घ्यावं?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही झाला. दाखला १७ डिसेंबर १९४० च्या पत्रकार परिषदेतला. रूझवेल्ट म्हणाले, शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर आधी नळीचे पंधरा डॉलर टाक असं मी म्हणणार नाही. आग विझली की नळी परत द्यावी, एवढंच. हा दाखला कोणत्या अडचणीवर काढलेला तोडगा होता, ते प्रकल्पात आधी मांडा. पहिल्या महायुद्धातली कर्जं युरोपातल्या बहुतेक देशांनी थकवली होती आणि अशा थकबाकीदारांना नवं कर्ज देण्यावर १९३४ च्या जॉन्सन ॲक्टने बंदी घातली होती. ब्रिटनकडचे डॉलर तर आटत आले होते. कर्जाचं नाव काढलं की लोक बिथरणार, हे रूझवेल्टना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पैशाची गोष्ट बाजूला सारून वस्तूची गोष्ट पुढे केली.

दुसरी अडचण खुद्द प्रचाराचीच होती. १९१७ साली सरकारने नेमलेल्या क्रील समितीने देशभर सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते उभे केले होते. सिनेमागृहात रीळ बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत ते युद्धाच्या बाजूने बोलत. युद्ध संपल्यावर ‘सरकारने आपल्याला पढवलं’ ही भावना लोकांत राहिली. त्यामुळे १९४० मध्ये रूझवेल्टनी प्रचाराचं एकच मोठं खातं काढायचं टाळलं. २९ डिसेंबरला रेडिओवर ‘लोकशाहीचं शस्त्रागार’ हे भाषण त्यांनी स्वतः केलं. गावोगावच्या सभा, पत्रकं, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती हे काम पत्रकार विल्यम ॲलन व्हाइट यांच्या बिनसरकारी समितीकडे राहिलं. ती मे १९४० मध्येच स्थापन झाली होती. विरोधात सप्टेंबर १९४० पासून ‘अमेरिका फर्स्ट’ समिती तितक्याच जोरात होती. विधेयकाचा क्रमांक १७७६, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याचं साल, आणि त्याचं अधिकृत नाव होतं ‘अमेरिकेच्या संरक्षणाला चालना देणारा कायदा’. नावात ब्रिटनचा उल्लेखही नाही. इतकं करूनही प्रतिनिधीगृहात पहिलं मतदान २६० विरुद्ध १६५ झालं. ११ मार्च १९४१ रोजी सही झाली आणि २७ मार्चला ७ अब्ज डॉलर मंजूर झाले.

आमच्या मते तुमच्या प्रकल्पाचा गाभा भाषणात नाही, कायद्याच्या एका कलमात आहे. निदान दर ९० दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी योजनेचा अहवाल संसदेपुढे ठेवायचा, असं त्यात लिहिलं होतं. उघड करणं घातक ठरेल तेवढंच वगळायची मुभा होती. कोणाला काय, किती, कशासाठी याचे तक्ते त्या अहवालांत येत आणि वर्तमानपत्रं त्यातूनच बातम्या करत. युद्धाअखेर एकूण आकडा ५० अब्ज डॉलरच्या आसपास गेला, त्यात ब्रिटन व त्याच्या साम्राज्याचा वाटा सुमारे ३१ अब्ज आणि सोव्हिएत संघाचा ११ अब्ज. एवढी रक्कम चार वर्षं लोकांच्या गळी उतरत राहिली, ती या रुक्ष तक्त्यांमुळे. भाषणाचा परिणाम महिनाभर टिकला असता.

एक चूक मात्र टाळा. ‘लेंड-लीज’साठी लोकमत कसं घडवलं, हे दाखवायला बरेच जण रंगीत युद्धभित्तिपत्रकं चिकटवतात. ती बहुतांश युद्ध माहिती कार्यालयाची म्हणजे ‘ओडब्ल्यूआय’ची असतात आणि हे कार्यालय जून १९४२ मध्ये स्थापन झालं, एल्मर डेव्हिस हे त्याचे प्रमुख. कायदा त्याआधी सव्वा वर्ष झालेला. भित्तिपत्रकाच्या अगदी तळाशी बारीक टायपात सरकारी छापखान्याचं नाव व साल असतं. चित्र कापून घेतलेलं असेल तर ती ओळच गायब होते, म्हणून पूर्ण प्रत शोधा. याच कार्यालयाच्या देशांतर्गत शाखेचा निधी १९४३ मध्ये अमेरिकन संसदेने जवळजवळ मोडीत काढला, कारण ती राष्ट्राध्यक्षांचा प्रचार करते असा संशय होता. हेही प्रकल्पात येऊ द्या, नाहीतर सरकारने सांगितलं आणि लोकांनी ऐकलं असं सरळसोट चित्र तयार होईल.

प्रश्न : आमचा गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. परदेशाला मदत म्हणून जाणाऱ्या मालावर देणाऱ्या देशाचं नाव छापणं सक्तीचं असतं का?
— कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : नागरी मदतीवर पुष्कळदा असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप सावरायला अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेतल्या मालावर ‘युरोपच्या पुनरुभारणीसाठी, अमेरिकेकडून’ अशा आशयाचा शिक्का असे. पुढे हातात हात मिळवलेलं चिन्ह आलं. अमेरिकेच्या मदतीच्या धान्याच्या पोत्यांवर भारतातही ते दिसायचं. अमेरिकेच्या १९६१ च्या परकीय साहाय्य कायद्यातही, मदत ‘अमेरिकन’ म्हणून ओळखू आली पाहिजे, असं कलम आहे.

लष्करी मालाचं तसं नाही. तिथे शिक्क्याचं काम अनुक्रमांक करतो. रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं अशा चोरीला सोप्या वस्तू एकेक करून नोंदवतात आणि घेणाऱ्या देशात पुन्हा मोजतात. इथला घोळ बघा. अमेरिकन संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की युक्रेनला दिलेल्या अशा १.७ अब्ज डॉलरच्या मालापैकी सुमारे १ अब्जाच्या मालाची मोजणी वेळेत नोंदली गेलेली नाही. मथळे आले ‘एक अब्जाची शस्त्रं गहाळ’. मोजणी राहणं वेगळं आणि माल जाणं वेगळं, हे गोदाम सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. माल इतरत्र वळवला गेला का, हे त्या तपासणीने पाहिलेलंच नव्हतं.

माल घेणाऱ्या देशाने आपल्या जनतेला सांगायचं की नाही, यावरून भांडणंही झाली आहेत. सोव्हिएत संघाला ‘लेंड-लीज’मधून सुमारे दीड कोटी जोड लष्करी बूट गेले. तरी ८ मार्च १९४३ रोजी मॉस्कोतले अमेरिकी राजदूत स्टँडली यांनी पत्रकारांपुढे उघड तक्रार केली, की इथल्या लोकांना ही मदत कुठून येते ते सांगितलंच जात नाही. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली, पण काही दिवसांतच सोव्हिएत वर्तमानपत्रांत मदतीचे तपशील झळकले. १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानला ४० कोटी डॉलर देताना अमेरिकेने शहाणपण केलं : मदतीची माहिती देशात सतत प्रसिद्ध करावी, ही अट कायद्यातच घातली.

प्रश्न : आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, ती भारत सरकारची मदत होती का? मुलांना काय सांगावं?
— निवृत्त शिक्षक, भैय्या चौक

उत्तर : सरकारची नव्हती. १९३८ मध्ये सरकार ब्रिटिशांचं होतं; वैद्यकीय पथक राष्ट्रीय काँग्रेसने पाठवलं. चिनी सेनापती झू द यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, त्यावर काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केलं. लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये उभे राहिले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. डॉ. कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. चीनमध्येच ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले.

मुलांना एवढं जरूर दाखवा की त्या आवाहनात मागणी मोजकी होती. डॉक्टर, औषधं, रुग्णवाहिका आणि त्यासाठी पैसे. देणाऱ्याला आपला रुपया कुठे जाणार ते कळत होतं. पथकाला ‘लष्करी मदत’ म्हणू नका. जखमी सैनिकांवर उपचार झाले तरी ती वैद्यकीय मदतच होती.

प्रश्न : युक्रेनला किती मदत गेली याचा आकडा दर वर्तमानपत्रात वेगळा. एक जण ६१ अब्ज म्हणतो, दुसरा त्याच्या निम्मं. खरं कोणाचं धरायचं?
— बँकेतून निवृत्त वाचक, विजापूर रोड

उत्तर : बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं, मोजलेली गोष्ट वेगळी असते. बँकेत मंजुरी, वाटप आणि प्रत्यक्ष उचल तुम्ही वेगळी धरत होता, तेच इथे लावा.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने युक्रेनच्या नावाने सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यातले २३ अब्ज अमेरिकेच्या स्वतःच्या रिकाम्या झालेल्या साठ्याची भरपाई करण्यासाठी होते. म्हणजे जुना माल युक्रेनला आणि नव्या मालाची ऑर्डर अमेरिकन कारखान्याला. सरकारने ही गोष्ट दडवली तर नाहीच, उलट तिचाच प्रचार केला. ऑक्टोबर २०२३ च्या भाषणात बायडन यांनी ॲरिझोनात बनणारी पेट्रियट क्षेपणास्त्रं आणि पेनसिल्व्हेनिया, ओहायो, टेक्सास धरून १२ राज्यांत बनणारे तोफगोळे मोजून दाखवले, आणि रूझवेल्टचं ‘शस्त्रागार’ पुन्हा काढलं. आपल्या मतदारसंघातला कारखाना चालतो म्हटल्यावर खासदाराचा विरोध बोथट होतो, हे त्यामागचं साधं गणित.

आता किंमत कशी लावतात ते पाहा, कारण खरी गोम तिथे आहे. साठ्यातून काढलेल्या वस्तूची किंमत दोन तऱ्हांनी धरता येते : आज नवी घ्यायला काय पडेल ती, किंवा घसारा वजा जाता वहीत उरलेली. अमेरिकन संरक्षण खात्याने नियमाप्रमाणे दुसरी धरायची होती. पुष्कळ ठिकाणी पहिली धरली गेली. जून २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोन आर्थिक वर्षांत मिळून मदतीचं मूल्य ६.२ अब्ज डॉलरने जास्त दाखवलं गेलं. बाहेर गेलेली एकही तोफ त्यामुळे कमी झाली नाही. मात्र मंजुरीच्या मर्यादेत तेवढी जागा पुन्हा मोकळी झाली, आणि आदल्या दिवसापर्यंत छापलेले सगळे आकडे जुने ठरले.

म्हणून आम्ही रुपया-डॉलरपेक्षा नगांवर भर द्या म्हणतो. जर्मनीचं उदाहरण बोलकं आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ५,००० हेल्मेट देऊ केली, तेव्हा कीव्हच्या महापौरांनी त्याची टर उडवली; प्रसिद्धी अंगलट आली. पण जून २०२२ पासून जर्मन सरकार दिलेल्या आणि द्यायच्या वस्तूंची नगवार यादी संकेतस्थळावर टाकू लागलं. आकडा लहान असो की मोठा, पडताळता येत होता. मे २०२५ मध्ये नव्या सरकारने शत्रूला अंदाज नको म्हणून हा तपशील आखडता घेतला. लष्करी कारण पटण्यासारखं आहे. पण वाचकाचं नुकसान झालंच. जर्मनीतली कील इन्स्टिट्यूट अनेक देशांचे आकडे एकत्र ठेवते, तिथे जाहीर झालेलं आणि वाटप झालेलं वेगळं दिसतं.

जाता जाता : मराठी बातम्यांत हमखास होणारी चूक भाषांतराची असते. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे एक अब्ज, अर्थात शंभर कोटी. फिलिपाइन्सने ब्रह्मोससाठी जानेवारी २०२२ मध्ये केलेला करार सुमारे ३७५ मिलियन डॉलरचा, म्हणजे ३७.५ कोटी डॉलरचा. त्याला ‘३७५ कोटी डॉलरची मदत’ म्हटलं तर दोन चुका एका ओळीत होतात, कारण ती मदत नव्हतीच, विक्री होती.

प्रश्न : आपला देश मित्रदेशांना काय देतो हे सरकार सांगतं का? कुठे पाहायचं? आणि ‘भेट दिली’ म्हणजे खरंच फुकट?
— दोन पत्रं, बार्शी आणि पंढरपूर

उत्तर : सांगतं, पण थोडक्यात. पहिली जागा पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी. संकेतस्थळावर मंत्रालय ‘संरक्षण’ आणि तारीख निवडली की पत्रकं निघतात. निवडक पत्रकं मराठीतही असतात. मराठी पत्रकात आकडा खटकला तर इंग्रजी मूळ उघडून ताडून घ्या. कात्रण ठेवताना पत्रकाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, पुढे माहिती अधिकारात ते कामी येतं. संरक्षण मंत्रालयाचं ‘सैनिक समाचार’ हे नियतकालिकही आहे. १९०९ साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं, आज १३ भाषांत निघतं आणि त्यात मराठी आहे.

पत्रक हातात आलं की क्रियापद बघा. भेट, कर्ज आणि विक्री यांचा कागद निराळा. आयएनएस कृपाण ही भेट होती : १९९१ मध्ये नौदलात आलेली क्षेपणास्त्र कॉर्वेट म्हणजे लहान युद्धनौका, २२ जुलै २०२३ रोजी व्हिएतनाममधल्या कॅम रान इथे नौदलप्रमुखांच्या हस्ते सुपूर्द झाली. आपण चालू स्थितीतली कॉर्वेट मित्रदेशाला पहिल्यांदाच देतो आहोत, हा पत्रकाचा मुख्य मुद्दा होता. ३२ वर्षं सेवा केलेल्या जहाजाची आज किंमत काय, हा प्रश्न पत्रक विचारत नाही, तो तुम्ही विचारायचा.

याच व्हिएतनामला जून २०२२ मध्ये वेगवान गस्ती नौका दिल्या, त्या १० कोटी डॉलरच्या पतपुरवठ्यातून. १२ नौकांपैकी ५ आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने बांधल्या, ७ तिकडच्या हाँग हा गोदीत बांधल्या गेल्या. पतपुरवठा म्हणजे कर्ज, ते सवलतीचं असलं तरी फेडायचं असतं. अशी कर्जं साधारणपणे एक्झिम म्हणजे निर्यात-आयात बँकेमार्फत जातात आणि तिच्या संकेतस्थळावर देशवार यादी मिळते. अर्थसंकल्पातल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांत भूतान, मालदीव वगैरे देशांना दिलेलं साहाय्य देशवार दिसतं. मात्र निवृत्त जहाज भेट दिलं, तर त्याची किंमत त्या तक्त्यात शोधून सापडेलच असं नाही. तिथे शून्य दिसलं म्हणून ‘काहीच दिलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : ‘भारताने अमुक देशाला गुपचूप शस्त्रं पाठवली’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. खरं-खोटं कसं करावं?
— वाचक, मंगळवेढा

उत्तर : देशाचं नाव, वस्तू आणि तारीख, तिन्ही नसतील तर पुढे ढकलू नका. असतील तर तीच नावं पीआयबीवर आणि त्या देशाच्या संरक्षण मंत्रालयाच्या पानावर शोधा. घेणारा देश बऱ्याचदा जास्त सांगतो. पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग निरोप तपासून देतो, पण तोही सरकारचाच विभाग आहे, एवढं भान असू द्या.

प्रश्न : अशा एका भेटीची माहिती मागणारा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला, कोर्ट फी स्टँप लावून. काही हाती लागलं नाही. कुठे चुकलं?
— कार्यकर्ता, सात रस्ता

उत्तर : दार चुकलं आणि शुल्कही चुकलं. विषय केंद्राचा आहे. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर जा, ‘संरक्षण मंत्रालय’ किंवा कर्ज असेल तर ‘परराष्ट्र मंत्रालय’ निवडा. शुल्क १० रुपये, ऑनलाइन भरता येतं. टपालाने पाठवायचं तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कोर्ट फी स्टँप राज्याच्या अर्जाला चालतो, केंद्राच्या नियमांत तो नाही. राज्याची १५० शब्दांची आणि एका विषयाची अटही इथे नाही. केंद्रात साधारण ५०० शब्दांची मर्यादा आहे. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेकडे पाठवू नका. ती कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप नसेल तर माहिती देण्याचं बंधन तिच्यावर नाही.

मजकुरात ‘का दिलं?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही, असलेला कागद द्यायला बांधील आहे. असं लिहा : ‘अमुक तारखेच्या पीआयबी पत्रक क्रमांक अमुकमध्ये उल्लेख असलेल्या हस्तांतरणाबाबत (१) मंजुरी आदेशाची प्रत, (२) पुस्तकी मूल्य नोंदवलेल्या कागदाची प्रत, (३) वाहतूक व डागडुजीचा एकूण खर्च.’ जहाजावर कोणती शस्त्रं ठेवली, हे त्यात घातलंत तर सगळा अर्ज कलम ८(१)(क) दाखवून फेटाळायला सोपा जातो. हे कलम सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचं आहे.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करा. केंद्रात त्याला शुल्क नाही. अपिलात दोन मुद्दे मांडा. पहिला, कलम १० नुसार गोपनीय भाग झाकून उरलेला कागद देता येतो. दुसरा, जेवढं सरकारने स्वतःच पत्रकात छापलं आहे, तेवढं तरी गोपनीय म्हणता येणार नाही. पत्रकाची छापील प्रत जोडा, नुसता दुवा देऊ नका. तिथेही नकार आला तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तोवर खासदारांच्या कार्यालयात हेच तीन मुद्दे अतारांकित प्रश्न म्हणून देऊन ठेवा. मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि एका दिवसाच्या यादीत लोकसभेत अतारांकित प्रश्न २३० पर्यंत घेतले जातात, तोंडी उत्तराचे तारांकित फक्त २०.